घरचा हलका चिकन एन्चिलाडा: ब्याडगीचा सॉस, मक्याची भाकरी आणि मूठभर पनीर

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका वहिनींनी विचारलंय, पोरगा पुण्याहून सुट्टीला आलाय, त्याला चिकन एन्चिलाडा पाहिजे, दोनदा घरी केला, दोन्ही वेळा वर तेलाचा तवंग आणि खाली लगदा झाला. त्यात मिस्टरांना डॉक्टरांनी तेल-चीज कमी करा म्हणून सांगितलंय, तर हलका होईल असं काही आहे का. केला कसा तेही लिहिलंय त्यांनी. मैद्याचे तयार टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पोळ्या, तेलात तळून घेतले, बाटलीतला सॉस, वरून मैदा-बटरचा पांढरा सॉस, 400 ग्रॅम चीज आणि अर्धा तास ओव्हन.

वहिनी, होतो की हलका. मी शहापुरात 16 वर्षं डब्याचं काम करते, त्यात गेली सात-आठ वर्षं पथ्याचे डबेपण देते, आणि शनिवारी माझ्याकडं जेवायला येणारी कॉलेजची पोरं हाच पदार्थ मागतात, म्हणून हा मी शेकड्यानं केलाय. आधी एक सांगते. नुसतं चीज निम्मं करून हा हलका होत नाही, बेचव होतो, आणि पोरगा एकदा खाऊन परत मागणार नाही. चव जिथून यायला पाहिजे तिथून आली की चीजची गरजच कमी पडते. एन्चिलाडा हा शब्दच बघा, स्पॅनिशमधल्या एन्चिलार पासून आलाय, म्हणजे मिरची लावणं. मिरचीच्या सॉसमध्ये बुडवलेली मक्याची भाकरी, एवढाच मूळ पदार्थ. ते चीजचं जाड पांघरूण अमेरिकेतल्या टेक्सासकडच्या पद्धतीचं. मेक्सिकोत सुद्धा साय-चीज घातलेला एक प्रकार आहे, त्याला एन्चिलाडास सुइसास म्हणजे स्विस एन्चिलाडा म्हणतात, पण रोजच्या घरगुती ताटात वर थोडं कुस्करलेलं ताजं चीज, कच्चा कांदा आणि जरा साय, एवढंच असतं. आणि कित्येक ठिकाणी ओव्हनमध्ये जातच नाही, बुडवला, भरला, दुमडला आणि गरम गरम वाढला.

तर तुमच्या कृतीत तेल कुठून कुठून शिरतंय ते बघू. टॉर्टिया तळताना एक, पांढऱ्या सॉसच्या बटरमधून दोन, आणि चीजमधून तीन. चीजमध्ये साधारण चौथा हिस्सा तरी फॅट असतं, चेडर असेल तर तिसरा हिस्सा, म्हणजे 400 ग्रॅममधून 100 ग्रॅमच्या वरच फॅट आलं, तो वरचा तवंग तिथलाच. आणि अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवलं की चीज फुटून तेल सोडतंच, महागडं आणलं तरी. तळायचं तेल किती जातं ते बघायचं असेल तर पुढच्या वेळी तेलाची बाटली तळायच्या आधी आणि कढईतलं उरलेलं तेल परत बाटलीत ओतून झाल्यावर काट्यावर ठेवा. एक लहान चमचा तेल म्हणजे 40 कॅलरी, मग तुम्हीच हिशोब करा.

आता सॉस. यातच सगळं आहे, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

मेक्सिकोत लाल एन्चिलाडाला गुआहियो आणि आंचो नावाच्या वाळक्या मिरच्या वापरतात, गुआहियो म्हणजे लाल रंगाची, सौम्य तिखट, पातळ सालीची, आंचो म्हणजे काळपट, जाडसर, मनुक्यासारखी गोडूस. आपल्याला या शोधत ऑनलाइन जायची काहीच गरज नाही कारण आपल्या दारात ब्याडगी आहे. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची ही मिरची, 2011 साली तिला जीआय, म्हणजे त्या गावच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळाला, रंग गडद लाल आणि तिखट कमी, म्हणजे हुबेहूब आपल्याला पाहिजे तेच काम. मिरची मुळात मेक्सिकोकडचीच, पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली आणि तिथून घाट चढून आपल्याकडं, त्यामुळं मला तरी हा पदार्थ कधी परका वाटला नाही. मकाही तिकडचाच.

ब्याडगी घेताना रविवार पेठेत दुकानदाराला यंदाची द्या म्हणून सांगा. हातात घेतल्यावर सुरकुतलेली असली तरी चामड्यासारखी वाकली पाहिजे, कडकन तुटून भुगा होत असेल तर जुनी आहे. संकेश्वरी मिरची यात घालू नका, फार तर एक, तिखटपणासाठी. संकेश्वरीचा सॉस केला तर तोंड एवढं भाजतं की ते शांत करायला परत चीज आणि साय लागते आणि सगळं होतं तिथंच येतं.

12 एन्चिलाडांना, म्हणजे चार माणसांना, 35 ग्रॅम ब्याडगी घ्या, मोजून 25-30 मिरच्या भरतील. देठ काढा, कात्रीनं उभी चिरून बिया झटकून टाका. तवा मंद तापवा, तेल नको. मिरच्या पसरा आणि उलथण्यानं हलकं दाबा, दहा-बारा सेकंदात साल किंचित फुगते, जिथं दाबलं तिथं लाल रंगाचा जरा विटकरी होतो आणि घरभर सुकलेल्या फळासारखा गोड वास सुटतो. त्याच क्षणी उलटायची, परत तेवढंच, आणि काढायची. ठसका लागला, शेजारची खोकायला लागली, म्हणजे उशीर झाला. काळा डाग पडलेली मिरची बाजूला काढून टाका, एक जरी करपलेली गेली तरी सगळा सॉस कडू होतो आणि तो कडूपणा गुळानं पण जात नाही. माझा एकदा 40 माणसांचा सॉस असाच गेलाय, फोन आला म्हणून दोन मिनिटं मागं वळले होते तेवढ्यात, ऐनवेळी परत बाजारात माणूस पाठवावा लागला. तेव्हापासून मिरची भाजताना फोन दुसऱ्या खोलीत.

भाजलेल्या मिरच्या आधणाच्या पाण्यात 20 मिनिटं बुडवून ठेवा, वर छोटी ताटली ठेवा नाहीतर तरंगत राहतात. तोवर त्याच तव्यावर तीन टोमॅटो, एक कांदा मधे कापून आणि सहा-सात लसूण पाकळ्या सालासकट भाजून घ्या, टोमॅटोला काळे डाग पडले तरी चालतील, उलट पडलेच पाहिजेत. अर्धा चमचा जिरं कोरडं भाजा. मग मिरच्या पाण्यातून काढून, टोमॅटो, कांदा, सोललेला लसूण, जिरं, पिझ्झाबरोबर येतो त्या ओरेगॅनोचं अर्धं पाकीट, दालचिनीचा अगदी नखाएवढा तुकडा, आणि आंचोच्या गोडीसाठी पाच-सहा काळे मनुके, हे सगळं मिक्सरला बारीक करा. (मेक्सिकन ओरेगॅनो वेगळ्याच जातीचा असतो, पण या पाकिटानं काम भागतं.) भिजवलेलं पाणी आधी बोटानं चाखा, कडवट लागलं तर ओता, चांगलं असेल तर थोडं वाटायला घ्या. मग चाळणीतून गाळा, हे टाळू नका, ब्याडगीची साल जिभेला लागते.

आता कढईत दोन लहान चमचे तेल. इथं मला माहीत आहे की तुम्ही म्हणाल तेल अजिबात नको. पण वहिनी, मिरचीचा रंग आणि वास तेलात उतरतो, पाण्यात नाही. बिनतेलाचा सॉस करून बघितलाय मी, फिकट दिसतो आणि कच्चा लागतो. दोन चमचे म्हणजे चार माणसांत 80 कॅलरी, हे तेल वाया जात नाही. तेल तापलं की गाळलेलं वाटण एकदम ओता, उडेल, झाकण हाताशी ठेवा, आणि आठ-दहा मिनिटं हलवत परता, रंग गडद होतो आणि कडेनं जरा चकाकी येते. मग चिकन शिजवलेलं पाणी दीड वाटी घाला, मीठ घाला, आणखी दहा मिनिटं उकळा. पातळ पिठल्याएवढं झालं पाहिजे, चमच्याच्या पाठीला चिकटून राहील आणि बोट ओढलं की रेघ तशीच राहील. मैदा, बटर, कॉर्नफ्लोअर काही लागत नाही, मिरचीच्या गरानंच दाटपणा येतो.

चिकनचं सोपं आहे. अर्धा किलो बिनहाडाचं, ब्रेस्ट घ्या, किंवा निम्मं ब्रेस्ट निम्मं लेगचं, कातडं काढून. मी स्वतः निम्मं-निम्मं घेते, फॅट जरासं वाढतं पण चोथा होत नाही. बुडेल एवढ्या पाण्यात कांद्याची एक फोड, दोन लसूण, पाच-सहा मिरी, एक तमालपत्र, थोडं मीठ. उकळी आली की गॅस इतका बारीक करा की पाणी नुसतं थरथरत राहील, खळखळ उकळलं तर ब्रेस्टचा दोरा होतो. 12 ते 15 मिनिटं, मग गॅस बंद करून झाकून 10 मिनिटं. सगळ्यात जाड ठिकाणी कापून बघा, गुलाबी दिसायला नको, थर्मामीटर असेल तर 74 डिग्री. कोमट झालं की हातानं धाग्याच्या दिशेनं सोडवा, सुरीनं तुकडे करू नका. धागे सॉस धरून ठेवतात, चौकोनी तुकड्यांवरून तो नुसता ओघळून जातो. गावठी कोंबडीचा मोह होईल, पण ती एवढ्या वेळात शिजणार नाही. तिचं पाणी मात्र सॉसला फार भारी लागतं, रविवारी रस्सा करणार असाल तर दीड वाटी पाणी आधीच काढून ठेवा, फक्त वरचं तेल चमच्यानं काढून.

सारणात चिकन आणि भाज्या सारख्याच घ्यायच्या. एक चमचा तेलावर ढबू मिरची, कांदापात, मशरूम मिळाले तर मशरूम, मोठ्या गॅसवर पाणी पूर्ण सुटून आटेपर्यंत परता. पालक घालणार असाल तर वाफवून मुठीत घट्ट पिळून. त्यात चिकन आणि फक्त चार चमचे सॉस. सारण सुकं पाहिजे, मुठीत दाबलं तर पाणी येता कामा नये. तुमचा लगदा झाला त्याचं एक कारण मला वाटतं हेच. उकडलेला राजमा मूठभर घातला तरी छान लागतो आणि चिकन कमी पुरतं.

दुसरं कारण टॉर्टिया. मैद्याचा टॉर्टिया सॉसमध्ये भिजला की चिकट गोळा होतो, तळला तरी. कॅलरीनं बघितलं तरी आठ इंची मैद्याचा एक म्हणजे दीडशेच्या आसपास आणि सहा इंची मक्याचा 60 पेक्षा कमी. तर मक्याचाच करू. याचे दोन मार्ग आहेत, एक सोपा, एक खरा.

सोपा म्हणजे दुकानातलं मक्याचं पीठ. या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, नसतो, गार पाण्यात मळून थापलं की कडा फाटतात आणि गुंडाळताना मधोमध तुटतं. तांदळाची भाकरी करतो तशी उकड काढा. दोन वाट्या पिठाला दोन वाट्या आधणाचं पाणी, मीठ, झाकून 10 मिनिटं, मग अर्धी वाटी कणीक घालून हात भाजेल एवढं गरम असतानाच मळा. दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये गोळा ठेवून सपाट ताटलीनं दाबा. बरं जमतं, गडबडीच्या दिवशी मीही हेच करते.

खरा मार्ग म्हणजे चुन्यातला मका. एकदा करून बघाच. बैलहोंगल-गोकाककडचा पिवळा वाळका मका मिळतो तोच, स्वीटकॉर्न नाही. 250 ग्रॅम मका, एक लिटर पाणी, त्यात एक लहान चमचा पानाचा ओला चुना, बिनवासाचा, साधा, पांढरा. स्टीलचंच भांडं घ्या, ॲल्युमिनियमला चुना खातो. उकळी आणून बारीक गॅसवर 30-40 मिनिटं ठेवा आणि रात्रभर झाकून सोडून द्या. सकाळी पाणी पिवळं झालेलं असतं आणि झाकण काढल्यावर ओल्या मातीसारखा, पावसानंतर येतो तसा वास येतो. एक दाणा दोन बोटांत धरून चोळा, साल जेलीसारखी सरकून निघून येते. मग चार पाण्यात चोळून धुवा, चुन्याचा बुळबुळीतपणा पूर्ण गेला पाहिजे. चुना दाण्याची साल सोडवतो आणि आतला मका असा बदलतो की कणकेशिवाय, आधणाशिवाय गोळा बांधला जातो, आणि नायसिन नावाचं जे जीवनसत्त्व मक्यात अडकून बसलेलं असतं ते अंगी लागायच्या रूपात येतं, कॅल्शियम वाढतं ते वेगळंच. मेक्सिकोतले लोक हे हजारो वर्षं करत आलेत आणि दगडी पाट्यावरच वाटत होते, आपल्या पाटा-वरवंट्याचा भाऊच. तुमच्याकडं इडलीचं ग्राइंडर असेल तर उत्तम. मिक्सरला पाणी जास्त घालावं लागतं, गोळा सैल झाला तर मक्याचं कोरडं पीठ चमचा-दोन चमचे मिसळा. लिंबाएवढे गोळे, साधारण 30 ग्रॅमचे, 15 होतात, तीन जास्तीचे कारण एखाद-दुसरा फाटतोच.

तवा चांगला तापलेला हवा. एका बाजूनं अर्धं मिनिट, उलटून एक मिनिट, परत उलटली की फुगते. बुट्टीत कापड घालून त्यात एकावर एक रचा आणि झाकून ठेवा, 15 मिनिटं, आपापल्या वाफेत मऊ होतात. लगेच गुंडाळायला गेलात तर तुटतील.

तळायचं कशाला ते आता लक्षात घ्या. तेलाचा थर पाण्याला आत शिरू देत नाही, म्हणून तळतात. तेच काम आपण कमी तेलात करायचं. मऊ झालेली टॉर्टिया परत गरम तव्यावर टाकायची, दोन्ही बाजूंना ब्रशनं मिळून पाव चमचा तेल, 20-20 सेकंद, वरचा ओलावा उडेपर्यंत. 12 टॉर्टियांना तीन चमचे तेल, बस. ही पायरी गाळली की परत लगदा, हे मी लिहून देते.

मग सॉस पसरट भांड्यात गरम ठेवायचा, टॉर्टिया चिमट्यानं बुडवायची आणि काढायची, एक-दोन म्हणेपर्यंत. ताटात ठेवून मधे दोन चमचे सारण, गुंडाळून शिवण खाली. ओव्हनच्या भांड्यात तळाला फक्त दोन-तीन चमचे सॉस पसरा, त्यावर एन्चिलाडा एकमेकांना खेटून, आणि वरून मधोमध पट्टा जाईल असा सॉस, दोन्ही टोकं कोरडी ठेवून. ती टोकं कुरकुरीत होतात आणि पोरं त्यावरच तुटून पडतात. 200 डिग्रीला तापलेल्या ओव्हनमध्ये 10 ते 12 मिनिटं, त्याच्या वर नको, आतलं सगळं आधीच शिजलेलं आहे. लाईट गेली तर जाड तव्यावर झाकण ठेवून पाच मिनिटं, टोकं तेवढी कुरकुरीत होत नाहीत पण चवीत फरक नाही.

आणि चीज. मेक्सिकोत वर घालतात ते केसो फ्रेस्को, ताजं, पांढरं, वितळत नाही, नुसतं कुस्करतं. आपल्याकडं याच्या सगळ्यात जवळचं घरचं पनीर. एक लिटर गाईच्या दुधाचं लिंबू पिळून करा, फडक्यात बांधून अर्धा तासच लटकवा, दाबू नका, मग मीठ चोळून बोटानं चुरा. चौघांत 100 ग्रॅम पुरतं. पोरगा वितळलेलं चीज पाहिजेच म्हणाला तर त्याच्या तीन एन्चिलाडांवर 20 ग्रॅम मोझरेला किसून घाला, जाड किसणी नको, बारीक किसलं की कमी चीज जास्त पसरतं. साय किंवा सावर क्रीमच्या जागी चक्का, दोन चमचे दुधात फेटून, मीठ घालून. हा ओव्हनमधून काढल्यावरच, गरम सॉसमध्ये शिजवायला घातलात की फुटून पाणी सुटतं. त्यावर कच्चा कांदा लिंबात पाच मिनिटं मुरवलेला, कोथिंबीर, कोबी अगदी बारीक चिरून. थंड, आंबट, कुरकुरीत असं काहीतरी वर असलं की जड वाटत नाही, आणि ताट मोठं दिसतं.

हे सगळं धरून एका माणसाचे तीन एन्चिलाडा माझ्या हिशोबानं 500 ते 550 कॅलरीत बसतात, प्रोटीन भरपूर. मिस्टरांना चीज देऊ नका, पनीरपण निम्मं, चक्का बिनसायीच्या दुधाच्या दह्याचा, आणि चिकन नुसतं ब्रेस्ट. त्यांना मीठही कमी सांगितलं असेल तर पनीरला मीठ चोळू नका, चिकनच्या पाण्यातपण घालू नका, सॉसला चवीपुरतं तेवढंच, मिरची-लिंबात ते कळत नाही. डॉक्टरांनी वेगळं काही बांधून दिलं असेल तर तेच पाळा. बाटलीतला सॉस मात्र त्यांच्यासाठी बंदच, त्यात मीठ आणि साखर दोन्ही फार असतं.

एकाच दिवशी सगळं करायला बसू नका, दमाल. सॉस आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. मका आदल्या रात्री चुन्यात. चिकन सकाळी. संध्याकाळी नुसतं थापणं, भरणं राहतं, पोराला तव्यापाशी उभं करा. डब्याला द्यायचं असेल तर सॉस वेगळ्या डबीत आणि खाताना ओतायचा. सॉस उरला तर तीन-चार दिवस फ्रीजला राहतो, दोन चमचे गरम करून त्यात अंडं फोडून झाकून ठेवा आणि उरलेल्या तीन टॉर्टियांबरोबर सकाळी वाढा.